डेव्हलपर आणि वापरकर्ते एकाच समितीत: ओपन सोर्समध्ये मत नेमकं कुणाला असतं?

फोनवर एखाद्या ॲपचं अपडेट येतं, रोजच्या सवयीचं बटण जागेवरून गायब होतं आणि आपण वैतागून विचारतो, "हे ठरवलं कुणी?" बंद सॉफ्टवेअरमध्ये उत्तर सोपं असतं: कंपनीने. ओपन सोर्समध्ये तसं नसतं. कोड सगळ्यांसमोर असतो आणि काम जगभरातले लोक करतात, कुणी पगारावर, कुणी हौसेने. मग शेवटचा शब्द कुणाचा? कोड लिहिणाऱ्याचा, की ते सॉफ्टवेअर रोज चालवणाऱ्याचा?

काही मोठ्या प्रकल्पांनी यावर दोन समित्या काढल्या, एक डेव्हलपरांची आणि एक वापरकर्त्यांची. पुढे त्यातल्या एका प्रकल्पाने दोन्ही एकत्र केल्या. तो प्रकल्प म्हणजे ओपनस्टॅक, आणि साल २०२०. मी मूळचा सावद्याचा, शिक्षणाने आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअर इंजिनियर. कामात ओपनस्टॅकवर चालणाऱ्या सर्व्हरांशी माझा संबंध येतो. हे विलीनीकरण वरवर कंटाळवाणं वाटतं, पण "ओपन" या शब्दाचा अर्थ कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

थोडक्यात सांगायचं तर

- ओपन सोर्स म्हणजे कोड खुला. कारभार खुला असेलच असं नाही.
- वापरकर्त्यांची वेगळी समिती असली की त्यांना बोलायला जागा मिळते, पण निर्णयात मत मिळतंच असं नाही.
- समित्या एकत्र केल्या की मत मिळू शकतं, पण आवाज गर्दीत दबूही शकतो.
- म्हणून समितीच्या नावापेक्षा मतदारयादी महत्त्वाची. यादीत नाव कसं लागतं, ते आधी बघा.

आधी चार शब्द समजून घेऊ

डेव्हलपर: कोड लिहिणारा, तपासणारा. मोठ्या प्रकल्पांत यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या पगारावर असतात.

ऑपरेटर: ते सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवून चालवणारा. रात्री दोनला सिस्टिम बंद पडली तर फोन यालाच येतो. ओपनस्टॅकच्या दुनियेत "वापरकर्ता" म्हटलं की बहुतेक वेळा हाच माणूस असतो.

शेवटचा वापरकर्ता: तुम्ही आणि मी. आपल्या फोनमागे कुठलं सॉफ्टवेअर चालू आहे हे आपल्याला माहीतही नसतं.

गव्हर्नन्स: साध्या मराठीत कारभार. निर्णय कोण घेतं, कसं घेतं, आणि चुकीचा झाला तर दाद कुणाकडे मागायची, याचे नियम.

कोड खुला, पण कारभार?

सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्या हातातच असेल. अँड्रॉइडचा मूळ कोड ओपन सोर्स आहे. तो कुणीही वाचू शकतो, उतरवून घेऊ शकतो, बदलून स्वतःची आवृत्ती काढू शकतो. पण पुढच्या अँड्रॉइडमध्ये काय असेल हे गूगल ठरवतं. मार्च २०२५ मध्ये गूगलने सांगितलं की अँड्रॉइडचं रोजचं काम आता कंपनीच्या आतल्या शाखेतच चालेल आणि कोड आवृत्तीसोबत बाहेर येईल. त्यासाठी वापरकर्त्यांचं मतदान झालं नाही, कारण तशी पद्धतच तिथे नाही.

यात बेकायदेशीर काहीच नाही. लायसन्स तुम्हाला कोड देतं, मताधिकार देत नाही. ज्या प्रकल्पात अशी एकच मालक कंपनी नसते, तिथे मताधिकाराचे नियम वेगळे बनवावे लागतात.

ओपनस्टॅक म्हणजे काय, आणि तुमच्या फोनशी त्याचा काय संबंध?

ओपनस्टॅक हे क्लाउड चालवणारं सॉफ्टवेअर. हजारो सर्व्हर एका खोलीत उभे केले, तर त्यातून कुणाला किती मेमरी, किती डिस्क, कुठलं नेटवर्क द्यायचं हे वाटून देणारा व्यवस्थापक लागतो. ते काम ओपनस्टॅक करतं.

जुलै २०१० मध्ये अमेरिकेची अंतराळ संस्था नासा आणि रॅकस्पेस ही होस्टिंग कंपनी यांनी मिळून ते सुरू केलं. नासाकडून सर्व्हर वाटून देणारा भाग आला, रॅकस्पेसकडून फाइली साठवणारा. पुढे एटी अँड टी, व्हेरायझन, चायना मोबाइल अशा टेलिकॉम कंपन्यांनी आपली नेटवर्कं त्यावर चालवली. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने त्यावर तीन लाखांहून जास्त प्रोसेसर कोअर चालवले.

म्हणजे जगात कुठेतरी कुणी फोनवर व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा तो कॉल जोडणाऱ्या यंत्रणेखाली ओपनस्टॅक असू शकतं. त्याच्या समितीत चुकीचा निर्णय झाला तर त्याची झळ अशा माणसापर्यंत पोचते, ज्याने हे नावही ऐकलेलं नाही.

दोन समित्या का काढल्या?

सप्टेंबर २०१२ मध्ये ओपनस्टॅक फाउंडेशन उभं राहिलं. त्याच्या घटनेत तीन घरं होती:

१. संचालक मंडळ: २४ जणांचं. पैसा, ट्रेडमार्क, करार हे यांच्याकडे. ८ जागा सर्वांत मोठ्या देणगीदार कंपन्यांना, ८ त्याखालच्या कंपन्यांना आणि ८ सर्वसाधारण सदस्यांनी निवडून दिलेल्या.

२. तांत्रिक समिती: कोडबद्दलचे निर्णय यांचे. कोणता प्रकल्प अधिकृत, आवृत्ती कशी निघणार, दोन टीममध्ये वाद झाला तर काय. मत फक्त त्यांना, ज्यांचा कोड किंवा तत्सम बदल प्रकल्पात गेलाय.

३. वापरकर्ता समिती: ऑपरेटरांच्या अडचणी गोळा करायच्या आणि वरच्या दोघांसमोर मांडायच्या. सुरुवातीच्या सदस्यांत सर्नचे टिम बेल होते. म्हणजे समिती नावापुरती नव्हती, एवढं मोठं क्लाउड चालवणारा माणूस तिथे बसला होता.

या समितीने चांगलं काम केलं. वापरकर्त्यांची नियमित पाहणी तिच्यामार्फत होऊ लागली: किती सर्व्हर, कोणती आवृत्ती, काय दुखतंय. ऑपरेटरांच्या भेटी झाल्या, कामाचे गट तयार झाले. २०१७ मध्ये या समितीच्या ५ जागांसाठी निवडणूक सुरू झाली. मतदार म्हणून "सक्रिय वापरकर्ता योगदानकर्ता" असा दर्जा बनवला गेला. शहरातला वापरकर्ता गट चालवणारे, ऑपरेटरांच्या बैठकीत चर्चा सांभाळणारे, परिषदेचे विषय निवडणारे, प्रश्नांची उत्तरं देणारे, अशा लोकांना पहिल्यांदा मत मिळालं. यातल्या कुणी कोडची एक ओळही लिहिलेली नसली तरी चालत होतं.

मग अडलं कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं, अधिकार. वापरकर्ता समिती सांगू शकत होती, ठरवू शकत नव्हती. "अपग्रेड फार जड जातंय" हे तिने मांडायचं, त्यावर काय करायचं ते तांत्रिक समितीने आणि टीमांनी बघायचं. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते. कोड लिहिणाऱ्याला सहा महिने भरपूर वाटतात. पण हजारो सर्व्हर चालवणाऱ्याचं एक अपग्रेड संपेपर्यंत पुढचं दारात उभं असतं. जुनीच आवृत्ती चालू ठेवावी, तर तिचे सुरक्षेचे दुरुस्ती-पॅच काही काळाने बंद होतात. दोन्हीकडून कात्री.

दुसरं, भिंत. दोन घरं केली की माणसं आपोआप दोन गटांत पडतात, "ते" आणि "आपण". खरं तर कित्येक लोक दोन्ही असतात. सर्व्हर चालवताना बग सापडला की तोच माणूस दुरुस्ती लिहून पाठवतो. त्याने कुठल्या रांगेत उभं राहायचं?

तिसरं, माणसं. पहिल्या काही वर्षांची गर्दी ओसरली. वापरकर्ता समितीच्या निवडणुकीला उभं राहायला पुरेसे लोक मिळेनात. ज्या समितीत जायला चढाओढच नाही, तिच्या शब्दाला वजन कुठून येणार? तांत्रिक समितीही आकसत होती. तिच्या १३ जागा टप्प्याटप्प्याने ९ वर आणल्या गेल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. खालच्या पातळीवर लोक आधीच एकत्र आले होते. २०१७ पासून परिषदांमध्ये "फोरम" नावाचा भाग सुरू झाला, जिथे डेव्हलपर आणि ऑपरेटर एकाच टेबलाशी बसून पुढच्या आवृत्तीबद्दल बोलत. त्याच वर्षी विशेष गट निघाले, जे कुठल्याच एका समितीची मालमत्ता नव्हते. वरची घरं एकत्र झाली ती तीन वर्षांनी. म्हणजे कागदाने माणसं जोडली नाहीत. माणसं आधी जोडली गेली आणि कागद मागून आला.

२०२० मध्ये नक्की काय बदललं?

फेब्रुवारी २०२० मध्ये दोन्ही समित्या एकत्र करायचा प्रस्ताव चर्चेला आला आणि त्याच वर्षी तो अमलात आला. मुख्य बदल असे:

- समिती एकच. नाव "तांत्रिक समिती"च राहिलं. वापरकर्त्यांचे प्रश्न बघणं हीसुद्धा आता तिचीच जबाबदारी.
- मतदारयादी एकच. कोड देणारे आणि वापरकर्ता म्हणून काम करणारे, दोघंही "सक्रिय योगदानकर्ता" या एकाच नावाखाली आले.
- निवडणूक एकच. ऑपरेटर असो की डेव्हलपर, सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर.

मतदान कॉन्डोर्सेट पद्धतीने होतं. एकाच नावावर शिक्का मारायचा नसतो, पसंतीचा क्रम लावायचा असतो. मग प्रत्येक उमेदवाराची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीने तुलना होते. अशा पद्धतीत फक्त एका गटाचा लाडका असलेल्या माणसापेक्षा, दोन्ही गटांना चालणारा माणूस पुढे जातो. डेव्हलपर आणि ऑपरेटर एकाच यादीत आणायचे असतील तर ही पद्धत सोयीची.

पुढे काय झालं? अपग्रेडचंच बघा. २०२२ मध्ये तांत्रिक समितीने नवा नियम ठरवला: आवृत्त्या वर्षातून दोनदाच निघतील, पण एक सोडून एक अशी उडी मारून अपग्रेड करता येईल, आणि ते चालतं याची चाचणी प्रकल्पच करेल. २०२३ ची पहिली आवृत्ती, अँटिलोप, या नियमाखालची पहिली. ज्याला वर्षातून एकदाच अपग्रेड झेपतं, त्याला अधिकृत रस्ता मिळाला. समित्या एकत्र झाल्या म्हणूनच हे झालं असं मी म्हणणार नाही, ऑपरेटर ही मागणी कितीतरी आधीपासून करत होते. पण वापरकर्त्यांच्या समितीला जो निर्णय फक्त मागता आला असता, तो घेणारी समिती आता त्यांच्याही मतांवर निवडून येत होती.

हे आपल्याकडे कुठे बघायला मिळतं? बाजार समितीत

सावदा हा केळीचा पट्टा. रावेर बाजार समितीने केळीचा आज काय भाव काढला, हा इथला रोजचा विषय. म्हणून समजायला सोपं जावं यासाठी हेच उदाहरण घेतो.

महाराष्ट्रात कृषी उत्पन्न बाजार समित्या १९६३ च्या कायद्याखाली चालतात. संचालक मंडळ साधारण १८ जणांचं असतं: ११ सहकारी सोसायट्यांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायत मतदारसंघातून, २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. म्हणजे माल पिकवणारा, माल घेणारा आणि माल उचलणारा, तिघंही एकाच टेबलाशी. ओपनस्टॅकने २०२० मध्ये केलं ते आपल्याकडे कितीतरी आधीपासून आहे!

आता जागांवरून नजर काढून मतदारयादीकडे बघा. १८ पैकी १५ जागा शेतकऱ्यांच्या नावाच्या. पण त्या जागांसाठी मत देतात ते सोसायट्यांच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि ग्रामपंचायत सदस्य. बांधावरच्या साध्या शेतकऱ्याला थेट मत नाही. २०१७ मध्ये राज्य सरकारने ते दिलं. अट अशी होती: किमान १० गुंठे जमीन, आणि पाच वर्षांत किमान तीन वेळा त्या बाजार समितीत माल विकलेला असावा. जानेवारी २०२० मध्ये पुढच्या सरकारने हा निर्णय फिरवला. निवडणुकीचा खर्च फार वाढतो, हा त्यामागचा एक मुद्दा होता.

गंमत बघा, एकाच वर्षी ओपनस्टॅकची मतदारयादी रुंदावली आणि आपल्या बाजार समित्यांची अरुंद झाली. राजकारण बाजूला ठेवा, रचना बघा. "पाच वर्षांत तीन वेळा माल विकलेला" आणि "ठरावीक मुदतीत एक तरी योगदान दिलेलं" या दोन्ही अटी एकाच जातीच्या आहेत. दोन्ही विचारतात: या व्यवस्थेत तुझा खरा सहभाग आहे का? आणि दोन्हींमध्ये खरी ताकद त्याच्या हातात असते, जो ही अट लिहितो.

बाकीच्या प्रकल्पांनी काय केलं?

एकच रस्ता नाही. चार वेगळे नमुने बघा.

डेबियन: दुसरी समितीच नको, यादी मोठी करा. १९९३ पासूनचा हा लिनक्स प्रकल्प. मत फक्त प्रकल्पाच्या सदस्यांना, आणि सदस्य म्हणजे बहुतेक करून पॅकेज सांभाळणारे. २०१० मध्ये सदस्यांनी मतदान करून ठरवलं की भाषांतर, दस्तऐवज, डिझाइन असं काम करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्यत्व द्यायचं. वापरकर्त्यांसाठी वेगळी खोली बांधली नाही, मुख्य खोलीचं दार रुंद केलं.

पायथन: दोन घरं वेगळीच बरी. भाषेची तांत्रिक दिशा ५ जणांची सुकाणू समिती ठरवते, जी मुख्य डेव्हलपर निवडतात. पैसा, परिषदा आणि व्यापक समुदाय हे पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे. सुकाणू समितीत एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक बसू शकत नाहीत. हा छोटा नियम फार मोलाचा आहे.

कुबरनेटीसची पालक संस्था: राखीव जागा. क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनची तांत्रिक देखरेख समिती ११ जणांची. त्यात वापरकर्त्या कंपन्यांनी निवडलेल्यांसाठी २ जागा ठेवल्या गेल्या. हा जवळपास आपला बाजार समितीचाच नमुना. आवाज नक्की मिळतो, पण ११ पैकी २ हे बहुमत नाही.

लिबरऑफिस: काम केलं की सदस्य. तुम्ही कोड लिहा, मराठी भाषांतर करा किंवा बग तपासा. किमान ३ महिने काम केलेलं असलं आणि पुढचे ६ महिने करायची तयारी असली की सदस्यत्वासाठी अर्ज करता येतो. हेच सदस्य संचालक मंडळ निवडतात. "डेव्हलपर की वापरकर्ता" हा प्रश्न दारात कुणी विचारतच नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट आहे. हिशेब, साठा, विक्री सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याच्याभोवती एक ना-नफा संस्था उभी राहिली होती, तिचं २०२० मध्ये फॉस युनायटेड झालं. आता ती एका सॉफ्टवेअरपुरती न राहता भारतातल्या एकूण ओपन सोर्ससाठी काम करते. ईआरपीनेक्स्टची दिशा मात्र फ्रॅपेकडेच आहे. म्हणजे समुदायाची संस्था एकीकडे वाढली आणि उत्पादनाचं सुकाणू दुसरीकडे राहिलं. हाही एक चालणारा नमुना आहे, फक्त त्याला विलीनीकरण म्हणायचं नाही.

एकत्र करण्याचे फायदे आणि धोके

फायदे:

- मागणी आणि निर्णय यांच्यातलं अंतर कमी होतं.
- दोन्ही टोप्या घालणाऱ्या माणसाला एकच रांग मिळते.
- थोड्या स्वयंसेवकांत दोन समित्या, दोन निवडणुका, दोन बैठका चालवायचा भार जातो.

धोके:

- संख्या. एका यादीत डेव्हलपर शंभर आणि ऑपरेटर दहा असतील, तर ऑपरेटर उमेदवार डेव्हलपरांच्या मर्जीशिवाय निवडून येत नाही.
- वेळ. डेव्हलपरला समितीचं काम करायला बहुतेकदा पगारातून वेळ मिळतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो मिळेलच असं नाही. कागदावर समान हक्क, प्रत्यक्षात एकाच बाजूची हजेरी.
- भाषा. बैठक एकदा कोडच्या भाषेत सुरू झाली की "आमच्याकडे हे वापरायला अवघड जातंय" हे वाक्य तिथे हलकं वाटायला लागतं.
- विसर. वेगळी समिती असताना वापरकर्त्यांबद्दल कुणाला विचारायचं ते ठाऊक होतं. सगळ्यांची जबाबदारी झाली की ती कुणाचीच राहत नाही.

माझं मत विचाराल तर ओपनस्टॅकचं पाऊल योग्य होतं. जिथे उभं राहायलाच माणसं नाहीत अशी समिती चालू ठेवणं म्हणजे वापरकर्त्यांना रिकाम्या खोलीत बसवणं. पण ते योग्य ठरलं याचं कारण समित्या जोडणं हे नाही. शहरातला गट चालवणारा माणूस आणि कोड लिहिणारा माणूस मतदार म्हणून सारखे धरले गेले, हे खरं कारण. ती यादी जोडली नसती तर त्याला विलीनीकरण म्हणता आलं नसतं. वापरकर्ता समिती नुसती बंद झाली असती.

कुठल्याही प्रकल्पात हे पाच प्रश्न विचारा

१. मत कुणाला आहे, आणि ते मिळवायला नेमकं काय करावं लागतं?

२. कोडशिवायचं काम, म्हणजे भाषांतर, बग रिपोर्ट, मदत, शिकवणं, मोजलं जातं का? कोण मोजतं?

३. एकाच कंपनीच्या किती लोकांना समितीत बसता येतं, याला मर्यादा आहे का?

४. विलीन झालेल्या समितीत वापरकर्त्यांच्या प्रश्नांची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर आहे का?

५. निर्णय कुठे लिहून ठेवले जातात? बाहेरच्या माणसाला वाचता येतात का?

पाचपैकी तीन उत्तरं सापडली नाहीत तर समजा, कोड खुला आहे पण कारभार बंद.

तुम्ही काय करू शकता?

"आपल्याला कुठे कोडिंग येतं" असं म्हणून सोडू नका. वर पाहिलंच की बऱ्याच ठिकाणी मत मिळवायला कोडिंग लागत नाही.

- भाषांतर: फायरफॉक्सचं मराठी भाषांतर मोझिलाच्या पॉन्टून या साइटवर ब्राउझरमधूनच करता येतं. "ऱ्या" फुटलेला दिसतोय, बटणावरचं मराठी कळत नाहीये, हे इंग्रजी वापरणाऱ्याला कधीच दिसणार नाही. तुम्हालाच दिसेल.
- आवाज: मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे. वाक्यं वाचून रेकॉर्ड करा, दुसऱ्यांची तपासा. खान्देशी ढंगाचं बोलणं तिथे गेलं नाही, तर उद्याचा व्हॉइस टायपिंगवाला फोन आपलं बोलणं ओळखणार कसा?
- बग रिपोर्ट: "ॲप चालत नाही" एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पाच ओळी पुरतात.
- मदत: तुमच्या कॉलेजमध्ये, गावात दहा जणांना एखादं ओपन सोर्स ॲप वापरायला शिकवलंत तर तेही योगदान आहे. ज्या प्रकल्पात ते मोजलं जातं तिथे त्याची नोंद करा.

आणि काम केल्यावर सदस्यत्वाचा अर्ज भरा. हे फार थोडे लोक करतात. नोंद नाही तर मत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओपनस्टॅक फाउंडेशन अजून आहे का?
२०२० मध्येच त्याचं नाव ओपन इन्फ्रास्ट्रक्चर फाउंडेशन झालं, कारण ओपनस्टॅकशिवाय दुसरे प्रकल्पही त्याखाली आले होते. २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या कुटुंबात गेलं. ओपनस्टॅकची तांत्रिक समिती मात्र निवडणुकीनेच येते.

निर्णय पटला नाही तर?
ओपन सोर्समध्ये शेवटचा हक्क म्हणजे फोर्क, कोडची प्रत घेऊन वेगळा संसार थाटणं. लिबरऑफिसचा जन्म २०१० मध्ये ओपनऑफिसपासून असाच झाला. पण फोर्क चालवायला माणसं आणि वर्षं लागतात. मत देणं त्यामानाने स्वस्त.

छोट्या प्रकल्पाला एवढं सगळं लागतं का?
नाही. तीन-चार जणांच्या प्रकल्पात समिती काढली तर कामापेक्षा बैठकाच जास्त होतील. एक साधी फाइल पुरे: निर्णय कोण घेतं, आणि नवीन माणसाला त्यात यायचं असेल तर काय करावं लागतं.

फोन वापरणाऱ्या साध्या माणसाला ओपनस्टॅकमध्ये मत आहे का?
नाही. तिथे "वापरकर्ता" म्हणजे ऑपरेटर, आणि टेलिकॉमचा ग्राहक त्या यादीत येत नाही. ही या विलीनीकरणाची मर्यादा आहे. तुमचं मत लागेल ते तुम्ही स्वतः वापरता आणि ज्यात काम करता अशा प्रकल्पांत. म्हणून सुरुवात तिथूनच करा: आज फोनमध्ये असलेलं एक ओपन सोर्स ॲप निवडा आणि वरचे पाच प्रश्न त्याला विचारून बघा.